पूर्वेकडची फांदी

शिरूर
१९ नोव्हेंबर २०२३

प्रिय हौसराव,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण डाव्या गुडघ्याची परवानगी नाही. उभ्याने केलेला गोड मानून घे.

तुझं पत्र मिळालं. दोन पानांत एकोणीस चुका सापडल्या. लाल शाईने दुरुस्त करून ते सोबत परत पाठवतो आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मित्राशी असं कोणी वागतं का, असं तू म्हणशील. अरे, अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवून माझ्या हाताला एवढी एकच हालचाल उरली आहे. फोन करावा तर कारखान्याच्या मिलने तुझे कान खाल्लेत. विश्वजीतच्या मोबाइलवर लिहावं तर माझं बोलणं आधी तुझा मुलगा वाचणार आणि मग सवडीने तुला दाखवणार. तेव्हा टपालच बरं. शिरूर ते राहू एसटीला दोन तास लागतात आणि पत्राला चार दिवस. मध्ये पुणं पाहून येत असावं.

तर तुझ्या मागणीबद्दल. फेब्रुवारीत पुण्याला बोन्सायचं प्रदर्शन आहे, त्यात दोन गट आहेत. एक घडवलेल्या झाडांचा: माणसाने तार गुंडाळून, फांद्या वाकवून आकार दिलेला. दुसरा नैसर्गिक: आकार वाऱ्याने, दगडाने, जनावरांनी दिलेला, कुंडीत आल्यावर फक्त पानं आणि मुळं छाटलेली. तुझ्या गच्चीवरच्या एक्केचाळीस झाडांपैकी चाळीस तारेत आहेत. एक्केचाळीसावा आमच्या केंदूरच्या माळावरचा वड. त्याला तू नैसर्गिक गटात बसवणार, आणि त्याच्या चारित्र्याचा दाखला मी द्यायचा.

आमच्या शास्त्रात शोभा दोन प्रकारची सांगतात. जन्माने आलेली ती सहज आणि अंगावर चढवलेली ती आहार्य. तुझी ती चाळीस झाडं मी पाहिली तेव्हा मला लग्नातल्या करवल्या आठवल्या. इतक्या पिना टोचून घेतलेल्या की मान वळवायची चोरी. वामनाने तीन पावलांत त्रैलोक्य घेतलं, कारण बळीकडे तारेचं भेंडोळं नव्हतं. तू असतास तर पहिल्याच पावलाला गुंडाळी मारली असतीस. अनुपमावहिनींची मात्र सोय झाली. वटपौर्णिमेला वडाभोवती फिरायला नको. त्यांनी खुर्चीत बसावं आणि तू कुंडी सात वेळा फिरवावीस.

असो. साक्ष घे:

‘मी, बिरदेव म्हस्कू कोळपे, लिहून देतो की सदर वड केंदूर येथील बिरोबाच्या माळावर खडकाच्या फटीत उगवला. माझे वडील दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरत व पावसाच्या तोंडावर परत येत. कळप नसताना झाडाने वाढावे व कळप आला की त्याचे कोंब खुडले जावेत, असे वर्षानुवर्षे चालले. पूर्वेकडची खालची फांदी शेळ्यांनी पुढचे पाय टेकून टेकून वाकवली. यात मानवी हात नाही.’

हे लिहिताना आबांचा परतणारा कळप आठवला. आधी वास यायचा, मग धूळ दिसायची, मग आबा. तो ओल्या लोकरीचा वास मी पुढे कुठल्याच ग्रंथात वाचला नाही.

तुझा,
बिरदेव

---

राहू
२८ नोव्हेंबर २०२३

मास्तर,

तू लाल करून धाडलेलं पत्र अनुपमानं फ्रिजला चिकटवलंय. पोरं मार्क इचारत्यात.

साक्ष मिळाली, झेरॉक्स काढून फॉर्मला जोडली. पन तारेला नावं ठिवू नकोस. तार वाईट न्हाई. फांदीला सांगावं लागतं कुठं जायचं ते. सहा म्हैने ठिवायची आन् वेळेवर काढायची. काढायची इसरली तर सालीत रुतती आन् जन्माचा वळ ऱ्हातो. तेवढं ध्यान ज्याला हाय त्यानंच तार हातात घ्यावी.

तुला ह्या वडाची पुरी गोष्ट ठाऊक न्हाई, कारन तू तवा पुन्याला कॉलेजात. साल नव्वद. मी पाबळला तंत्रशाळेत वेल्डिंग शिकत व्हतो. तळ्याच्या बांधाला दगड पायजे म्हून बिरोबाच्या माळावर सुरुंग लावनार, आसं कळलं. ते गुडघ्याएवढं झाड मला येता-जाता दिसायचं. सायकल घिऊन गेलो, छिन्नी-हातोडा घिऊन तीन दिवस फट फोडली. तिसऱ्या दिशी तुझ्या घरनं सखूमावशी भाकरी घिऊन आली. ती खालची फांदी हातात धरून लई येळ बसली. मी वड ओल्या गोनपाटात गुंडाळून कॅरेजला बांधला, तशी म्हनली, “झाडाला आता बांधू नगं. लई बांधून झालं.”

मला वाटलं, कॅरेजच्या दोरीबद्दल बोलती. सात वर्सांनी कारखान्याच्या कॉलनीत बोन्साय शिकलो आन् वायरिंगचा धडा आला, तवा ध्यानात आलं. मावशीला वायरिंग ठाऊक व्हतं! म्हून बाकीची चाळीस झाडं माझ्या मर्जीनं, पन ह्या एकाला तेहतीस वर्सांत सुतळी लावलेली न्हाई. शब्द दिला त्यो दिला. नैसर्गिकच्या पाटीखाली ते झाड चारचौघांनी बघावं, एवढीच इच्छा हाय. बक्षीस ऱ्हायलं.

मावशीला आसं का म्हनायचं व्हतं, तुला काय ठाऊक?

बोन्साय क्लबच्या मोनिका मॅडम डिसेंबरात झाड तपासायला येनार हायेत.

हौसराव

---

शिरूर
६ डिसेंबर २०२३

प्रिय हौसराव,

यावेळी अकराच चुका. प्रगती दिसते आहे; शेतकी शब्दांना सूट दिली आहे.

आईच्या वाक्याचं म्हणशील, तर ती कोणालाही काहीही सांगे. माझ्या लग्नात तिने भटजींना ‘दमानं घ्या’ म्हणून सांगितलं होतं. त्यातून त्यांनी कोणता अर्थ घेतला असेल देव जाणे. तू फार खोलात शिरू नकोस. टीकाकारांनी असाच एकेका वाक्यावर संसार मांडला आणि मूळ ग्रंथ बाजूला राहिला.

इकडे थंडी बरी आहे. शाळेत यंदा संस्कृत घेणारे सहा जण. त्यातले दोघे हिंदीच्या वर्गात जागा नव्हती म्हणून आले आहेत.

बिरदेव

---

राहू
१८ डिसेंबर २०२३

बिरदेव,

मॅडम येऊन गेल्या. तरनी बाई, पन नजर पक्की. भिंगाची काच काढली आन् त्या पूर्वेकडच्या फांदीला डोळा लावून दहा मिनिटं हालल्या न्हाईत. मला मोठ्यानं सांगून कळंना म्हून कागदावर लिहून दिलं: ‘काका, इथे वायर मार्क आहे.’

बघतो तर खरंच. फांदी जिथनं खोडाला फुटती, तिथं खालच्या अंगानं साल गोल फुगल्याली. मी रोज पानी घालतो, पन ते फुगवटं गाठ म्हून सोडून दिल्यालं. मी शपथ घातली, तुझी साक्ष दाखवली. त्या हसल्या. शेळी गोल चावत न्हाई, म्हनल्या. माझ्यावर इस्वास हाय, पन परीक्षक बसत्याल त्येंचा बसंल का.

आता दोनच वाटा. झाड घडवलेल्या गटात न्यायचं, न्हाईतर ती फांदी काढायची. तेवढी गेली की शेंडा, खोड, मुळं, सगळं शंभर टक्के नैसर्गिक, कुनाची बोट दाखवायची टाप न्हाई. जखम वर्सात भरून येईल.

घडवलेल्या गटात मी ते झाड नेनार न्हाई. तेहतीस वर्सं पाळल्याला शब्द मी सवता खोटा ठरवू का? फांदी काढनार.

तुला ती खून कशाची ते ठाऊक असंल तर कळव. तू तिथंच वाढलास.

हौसराव

---

शिरूर
२४ डिसेंबर २०२३

प्रिय हौसराव,

घाई करू नकोस. हे दक्षिणायन चालू आहे. भीष्मासारखा माणूस बाणांवर पडून राहिला, पण दक्षिणायनात गेला नाही. तुझी फांदी तर साधी निरोगी आहे. उत्तरायण लागेपर्यंत तरी थांब.

शिवाय चंद्राला कलंक आहे म्हणून कोणी चंद्र कापत नाही. उलट कवींचं त्यावरच चालतं. समतोल साधलेलं झाड परीक्षेत पहिलं येणाऱ्या मुलासारखं असतं, नंतर कोणाला आठवत नाही. मोनिका मॅडमना माझा नमस्कार सांग आणि सांग की अलंकारशास्त्रात दोष जर जागेवर बसला तर त्याचाच गुण होतो.

खुणेबद्दल काय सांगू? माळ बिरोबाचा. देवाने कधी झाडाला करगोटा बांधला असेल, लहान पोरांच्या कमरेला बांधतात तसा. देवांच्या लीलांना दाखला कोण देणार.

तरी, थांब. एवढंच.

बिरदेव

---

राहू
१ जानेवारी २०२४

मास्तर,

तुझं पत्र चारदा वाचलं. अनुपमाला वाचायला दिलं. ती म्हनली, भावजींना कापू नका म्हनायचं हाय का कापा म्हनायचं हाय?

चौतीस वर्सं वळख हाय आपली. तुझी गंमत कुठं संपती आन् खरं कुठून चालू व्हतं, ते मला अजून समजल्यालं न्हाई. माझी आई गेली तवा तू पत्र धाडलंस, त्यातबी पहिल्या वळीला मी हसलो आन् मग मला माझीच लाज वाटली. मी सरळ इचारलं, खून कशाची. तू मला भीष्म सांगितलास.

मी झाडावरची तार सहा म्हैन्यांनी काढतो. तुझ्या पत्रावरची तू कवा काढनार?

उत्तरायनाचं तेवढं ऐकलं. संक्रांतीला, पंधरा तारखेला रजा टाकली हाय. करवतीला धार लावून ठिवलीय.

हौसराव

---

शिरूर
६ जानेवारी २०२४

हौसराव,

ती फांदी कापू नकोस.

ती शेळ्यांनी वाकवलेली नाही. मी वाकवली.

बहात्तरच्या दुष्काळात आबा मेंढरं घेऊन कोकणात गेले आणि वेळेवर परतले नाहीत. इथे आणून घालायचं काय, चाराच नव्हता. आई बिरोबाच्या माळावर खडी फोडायच्या कामाला जायची. मी नुकता चालू लागलो होतो. घरी सांभाळायला कोणी नव्हतं. बाकीच्या बायका पोरांना झोळीत टाकायच्या, पण झोळी बांधावी असं झाड त्या माळावर नव्हतं. शिवाय मी झोळीत राहणारा नव्हतो, आणि चार हातांवर दगडाची खाण होती. होता तो गुडघ्याएवढा वड. आबांनी वळलेली काळ्या लोकरीची दोरी होती. तिचं एक टोक तिने माझ्या कमरेला बांधलं आणि एक त्या फांदीला.

ती पूर्वेला बसायची. सकाळी तिथे टेकाडाची सावली असायची. मी दिवसभर तिच्याकडे जायला ओढ घ्यायचो. फांदी कोणत्या बाजूला वाकली आहे ते तू रोज पाहतोस.

दोन उन्हाळे असं चाललं. संध्याकाळी ती माझ्या कमरेची गाठ सोडायची. फांदीवरची तशीच ठेवायची, सकाळी पुन्हा लागणार म्हणून. मग पाऊस झाला, काम संपलं, आणि तो फास तिथेच राहिला. तू म्हणतोस ना, काढायचं विसरलं की रुतते.

मला यातलं काही आठवत नाही. तू झाड घेऊन गेलास त्याच आठवड्यात मी सुटीला घरी आलो, तेव्हा आईने सांगितलं. हसत सांगितलं. मी एकोणीस वर्षांचा, पुण्यात शिकणारा, वसतिगृहातल्या मुलांपुढे मेंढरांचं नावही न काढणारा. मी तिला म्हणालो, “मला कोकरासारखं बांधलं होतंस, हे कुणाला सांगू नकोस.” ती म्हणाली, “न्हाई सांगत.” त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली. तिने कोणालाही सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

मला लाज वाटली होती, ती लोकांची. तिला वाटलं, तिने मला बांधलं म्हणून मी रागावलो. हे मला कळत होतं. प्रत्येक सुटीत सांगू म्हणायचो, आणि प्रत्येक सुटीत तिच्याशी काहीतरी विनोद करून परत यायचो. लोकांच्या चुका लाल करण्यात माझा जन्म गेला. ही तेवढी राहिली.

साक्ष मी खोटी दिली. शेळ्यांची गोष्ट गेली तेहतीस वर्षं मीच सांगत आलो आहे. हे पत्र तू मॅडमना दाखव. झाड नैसर्गिक गटातून बाद होईल, आणि तू सुतळीही न लावता पाळलेला शब्द कोणाला दिसणार नाही. तुझ्याकडे काय मागतो आहे ते मला कळतं. तरी मागतो.

मी एसटीने येऊन सांगणार होतो. पण तुला ओरडून सांगावं लागलं असतं, आणि हे मला ओरडून सांगता येणार नाही.

बिरदेव

---

राहू
१३ जानेवारी २०२४

बिरदेव,

पत्र बुधवारी मिळालं. करवत माळ्यावर टाकली.

मग मोनिका मॅडमकडं काच मागितली, ती घिऊन कुंडीपाशी बसलो. त्या फुगवट्याची वरची खपली सुईनं अल्लाद उचलली. आत काळा धागा हाय. नखाएवढा दिसतो, बाकी लाकडात गेलाय. लोकरच हाय, तार न्हाई, सुतळी न्हाई. पन्नास वर्सं झाली, कुजल्याली न्हाई. आबांचा पीळ. मी ती काढली न्हाई. खपली परत बसवली आन् वरनं मेन लावलं.

आता एक माझ्याकडनं. मावशी त्या दिशी आनखी एक बोलली व्हती. बांधू नगं म्हनायच्या आदी, फांदी धरून बसली तवा. म्हनली, “हे झाड न्हाई बाबा, ही माझी जाऊ हाय. हिनं माझं लेकरू सांभाळलं.” आन् हसली. मला वाटलं, चेष्टा करती, तुझीच आई ती. म्हून तुला कवा सांगितलं न्हाई.

तिला लाज न्हवती रं. तू सांगू नकोस म्हनायच्या आदी ती मला, परक्या पोराला, सांगून बसली व्हती. ते कळायला माझं डोकं पुरं पडलं न्हाई, एवढंच.

झाड घडवलेल्या गटात घातलं. मॅडमना तुझं पत्र दाखवलं न्हाई, ते तुझं माझं. त्येंना एवढंच सांगितलं की मानसाचा हात हाय, मला म्हाईत न्हवतं. माझ्या शब्दाचं म्हनशील तर मावशीला दिला व्हता, ते तिला ठाऊक हाय. पाटीचं काय एवढं.

नवा फॉर्म भरला, नक्कल तुला उतरवून धाडतो:

झाड: वड.
वय: साठच्या वर.
घडवणाऱ्याचे नाव: सखूबाई म्हस्कू कोळपे, केंदूर.
वापरलेले साहित्य: काळ्या लोकरीची दोरी.
मदतनीस: बिरदेव, वय दीड वर्ष.
सध्या सांभाळणारा: हौसराव, राहू.

मॅडमनी इचारलं, सखूबाई प्रदर्शनाला येनार का. मी सांगितलं, मदतनीस येईल. दहा फेब्रुवारीला सकाळी ये. झाड टेबलावर आसं ठिवनार हाय की फांदीचं टोक उगवतीला यावं.

चुका आसल्या तर लाल करून धाड. फॉर्म पक्का व्हायला आठ दिस हायेत.

हौसराव

---

शिरूर
१७ जानेवारी २०२४

हौसराव,

फॉर्म तपासला. वय दीड नव्हे, सव्वा.

बाकी काही दुरुस्ती नाही.

बिरदेव